न मिळालेला माल सदोष असल्याबाबत

कपडे धुण्याचं मशीन आपलं काम संपल्याचं टीं-टीं करून जाहीर करतं, तेव्हा घरातलं मूल झोपलंय की जागं आहे याची ते चौकशी करत नाही. त्या दुपारीही त्याने केली नाही. लहान मूल झोपल्यावर घरात जी शांतता तयार होते ती एक प्रकारची सार्वजनिक मालमत्ता असते. तिची राखण एकटीने करायची असते आणि नासधूस कुणीही केली तरी चालते.

टिल्लीची आई हातातलं काम तसंच धरून कानोसा घेत राहिली. आतल्या खोलीत टिल्लीने कूस बदलली, नाकातून बारीकशी शिट्टी काढली, आणि पुन्हा झोपून गेली. दुकान वाचलं.

हे दुकान म्हणजे जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा. टिल्लीची आई विणकाम विकायची. म्हणजे स्वेटर नव्हे. स्वेटर कसा विणायचा, त्याचा नमुना. नमुनाही कागदावरचा नव्हे, तर नुसती फाईल. गिऱ्हाईक पैसे भरी, फाईल आपल्या फोनवर उतरवून घेई आणि सुया-लोकर घेऊन बसे. दुकानाला दार नव्हतं, फळी नव्हती, वजनकाटा नव्हता. टिल्लीचा डोळा लागला की ते उघडे आणि ती उठली की मिटे. मात्र दिवसाच्या तेवढ्या तुकड्यावर पाटी टिल्लीच्या आईच्या स्वतःच्या नावाची होती. उरलेला सगळा दिवस ती कुणाची तरी कुणीतरी असे.

मशीन गप्प झाल्यावर तिने फोन उघडला, तर पैसे इकडून तिकडे पोचवणाऱ्या कंपनीच्या विवाद निवारण कक्षाचं पत्र आलेलं.

"आपल्या ग्राहकाने 'माल मिळाला नाही' अशी तक्रार केल्याने रक्कम त्यांस परत करण्यात आली आहे. आपण निर्दोष असल्यास तसे सिद्ध करावे. आपल्याविरुद्ध यापूर्वी दोन वाद निकाली निघाले असल्याने, हाही विरोधात गेल्यास आपले दुकान कायमचे बंद करण्यात येईल. आपला दिवस आनंदात जावो."

या कक्षाबद्दल चार शब्द चांगले बोलायलाच हवेत. कोर्टात आधी दोन्ही बाजू ऐकतात आणि मग निकाल देतात. त्यात किती वेळ जातो हे सर्वांना माहीत आहे. कक्ष आधी निकाल देतो आणि मग ऐकतो. (ऐकताना कक्षाचं मन त्यामुळे अगदी शांत असतं.) कक्षाच्या माहितीपत्रकानुसार त्याच्या कामावर शंभरातले सत्त्याण्णव लोक समाधानी आहेत. उरलेले तीन विक्रेते होते. त्यांना चुकून विचारलं गेलं.

पुरावा म्हणून काय काय चालेल हेही पत्रात मोकळेपणाने दिलं होतं: कुरिअरची पावती, पार्सलचं वजन, खोक्याचा फोटो (सहाही बाजूंनी), घेणाऱ्याची सही, आणि घेणारा घरी नसल्यास शेजाऱ्याची.

टिल्लीच्या आईने नम्रपणे कळवलं की माल म्हणजे फाईल आहे, तिला खोकं नसतं, आणि ग्राहक बाईंनी ती उतरवून घेतल्याची नोंद सोबत जोडली आहे. कक्षाने तितक्याच नम्रपणे कळवलं की नोंदीवर शेजाऱ्याची सही दिसत नाही, आणि वजनाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. तिने वजन शून्य लिहिलं. लगेच उत्तर आलं: "शून्य वजन म्हणजे माल पाठवलाच नाही. ग्राहकाचे म्हणणे नेमके हेच आहे."

सासूबाई समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. इतक्या दिवसांच्या सहवासात त्यांना सुनेच्या धंद्याची बऱ्यापैकी माहिती झाली होती.

"पण तू पाठवलंस काय?"

"नमुना, आई."

"कशात घालून?"

"कशातच नाही. तसाच जातो तो."

"उघडाच?" सासूबाईंनी टिल्लीचा मोजा उलटा करून पाहिला. "मग पडला असेल वाटेत कुठेतरी. आता त्या बाईला तरी काय बोल लावणार."

कक्षात नोकरी न करताही कक्षाच्या पद्धतीने विचार करणारी माणसं घरोघर असतात. कक्ष त्यांच्याच भरवशावर चालतो.

दुसऱ्या दिवशी, टिल्ली झोपल्यावर, टिल्लीच्या आईला भक्कम पुरावा सापडला. तिच्याच दुकानाच्या पानावर, नमुन्याच्या खाली, तक्रार करणाऱ्या बाईंनी पाच तारे देऊन लिहिलं होतं, "बाळाला अगदी मापात बसला. मनापासून आभार." सोबत फोटो. पिवळ्या स्वेटरातलं एक गोबरं बाळ आपल्याच मुठीकडे डोळे तिरळे करून बघत होतं.

खरं तर अशा वेळी संताप यायला हवा. पण तिने आधी गळा बघितला. गळा नीट बसला होता, मानेला कुठे काचत नव्हता. तिला बरं वाटलं. (फसवणाऱ्याच्या बाळाची मान झाकलेली पाहून विक्रेत्याला बरं वाटावं की नाही, याबाबत नियमावली गप्प आहे.) मग तिने बाही मोठी करून पाहिली.

डाव्या बाहीच्या काठाला दोन उलटे टाके शेजारीशेजारी होते.

काठ विणताना एक टाका सुलट, एक उलट असा क्रम असतो. लहान पोरसुद्धा चुकत नाही. पण ती ओळ लिहिताना टिल्ली दात येतात म्हणून तापली होती. 'उलट' लिहून तिची आई उठली, तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरली, तिचं डोकं मानेवर कलंडलं तेव्हा परत येऊन बसली, आणि पुन्हा 'उलट'च लिहिलं. चूक नंतर लक्षात आली होती. पुसायला हात धजला नाही. त्या दोन टाक्यांच्या मधे टिल्लीचा एक अख्खा ताप होता. म्हणजे जगात कुठल्याही बाळाच्या डाव्या बाहीला त्याच जागी दोन उलटे टाके असले, तर तो स्वेटर या टेबलावरच्या नमुन्यावरूनच विणलेला. दुसरा कुणी हीच चूक इथेच करणं शक्य नव्हतं.

तिने फोटोवर लाल वर्तुळ काढलं, सगळं सविस्तर लिहिलं आणि पाठवलं. त्या संध्याकाळी तिने टिल्लीला उगीचच दोनदा उचलून फिरवलं.

कक्षाचं उत्तर आलं. "पुराव्याबद्दल आभार. आपल्या मालात चूक असल्याचे आपण स्वतः, लाल वर्तुळासह, मान्य केले आहे. सबब 'माल मिळाला नाही' या तक्रारीतच 'माल सदोष आहे' ही तक्रार समाविष्ट करण्यात येत आहे. आपल्या प्रामाणिकपणाची नोंद घेण्यात आली आहे."

तिने कक्षाला फोन लावला. बराच वेळ वाजणारं संगीत संपल्यावर एका गोड आवाजाच्या मुलाने तिची अडचण आपण समजू शकतो असं सांगितलं.

"अहो, पण माल मिळालाच नाही तर तो सदोष कसा?"

"मॅडम, सदोष होता म्हणूनच मिळाला नसेल ना. चांगला असता तर मिळाला असता."

"त्यांच्या बाळाने अंगात घातलाय की तो."

"फोटोत स्वेटर आहे, मॅडम. तुम्ही स्वेटर विकता का?"

"नाही. नमुना."

"मग तो तुमचा माल नाही. ती वेगळीच वस्तू आहे. आणखी काही मदत करू शकतो का?"

एवढ्यात आतून "आई" अशी हाक आली आणि दुकान मिटलं.

यानंतर कक्षाने जे केलं ते निःपक्षपातीपणाचं उदाहरण म्हणून शिकवायला हरकत नाही. माल सदोष असल्याने तो परत करण्याचा आदेश कक्षाने ग्राहक बाईंना दिला. बाईंनी तो तात्काळ पाळला. न मिळालेली फाईल त्यांनी ईमेलने परत पाठवली. कक्षाने या वेळी पावती विचारली नाही, वजन विचारलं नाही, शेजारी विचारला नाही. माल पोचला अशी नोंद झाली. फाईलखाली बाईंनी एक ओळ लिहिली होती: "याच मापाच्या टोपीचा नमुना असल्यास कळवावे."

आता अंतिम निकाल तेवढा बाकी होता. पण कक्ष कुणाच्या पोटावर पाय देत नाही. त्याने विक्रेत्यांसाठी 'सौजन्यपूर्ण माघार' नावाची सोय ठेवली आहे. माल ग्राहकाला मिळाला नव्हता, असं विक्रेत्याने स्वतःच्या नावाने लिहून द्यायचं. मग तो वाद हरलेला धरत नाहीत. दुकान चालू राहतं आणि नावापुढे 'प्रामाणिक विक्रेता' अशी हिरवी खूण लागते. (आजवर खरं बोलण्याचा हट्ट धरलेल्या एकाही विक्रेत्याला ही खूण मिळालेली नाही.)

टिल्ली झोपेतून उठून, गालावर उशीची सुरकुती घेऊन, आईच्या मांडीवर येऊन बसली होती. तिच्या केसांना झोपेचा वास होता. डोक्यावरून हात पुढे काढून आईने लिहिलं, "माल ग्राहकाला मिळाला नव्हता," खाली स्वतःचं नाव घातलं आणि बटण दाबलं. हिरवी खूण आली. खूण दिसायला छान होती.

"सुटलीस ना?" सासूबाईंनी विचारलं.

"सुटले."

"मग झालं तर. मिळालं म्हणण्यापेक्षा नाही मिळालं म्हणणं कधीही सोपं. मागून कुणी काही विचारत नाही."

टिल्लीला आता गोष्ट हवी होती. गोष्टींची सोय घरात उत्तम होती. टिल्लीच्या आत्याने एका गोष्टी सांगणाऱ्या बाईंकडून ध्वनिमुद्रित गोष्टी विकत घेतल्या होत्या, आणि सगळ्याच भाचरांना लाभ व्हावा म्हणून कुटुंबाच्या गटावर टाकल्या होत्या. गटातल्या सर्वांनी आत्याचे हात जोडून आभार मानले होते, टिल्लीच्या आईने तर दोनदा. (हा गट तुमच्याही फोनमध्ये असेल. नाव तेवढं वेगळं.)

आईने फोन टेबलाला टेकवून ठेवला. बाईंचा आवाज गोड होता, घाई नसलेला. मधेच एकदा त्या खोकल्या, त्यांच्या मागे कुठेतरी एक बाळ कुरकुरलं, आणि "हं, तर मग" म्हणून त्यांनी गोष्ट पुढे चालू केली. टिल्ली हालचाल न करता ऐकत होती. गोष्ट संपली तशी तिने मान वर करून आईकडे पाहिलं. आठवडाभर घरात जे ऐकू येत होतं त्यातलं तिला बरंचसं समजलेलं दिसलं.

"आई," ती म्हणाली, "गोष्ट आपल्याला मिळाली, हे त्या मावशीला कुणी सांगितलं?"