बाबारावकाका आणि रेंज

आमचे बाबारावकाका भेटले की राम राम म्हणत नाहीत, 'रेंज हाय काय?' म्हणतात. आपण हो म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसत नाही. आपल्या हातातला फोन घेऊन ते स्वतः दांड्या बघतात आणि मगच खुर्चीवर टेकतात.

मुकुटबनात आमची घरं भिंतीला भिंत लागून. क्रिकेटची मॅच सुरू झाली की वस्तीत फोन लागत नाही, हे काकांचं कायमचं दुखणं. माणसांची पारखही ते याच मापाने करतात. सरपंच बोलतात फार, 'पण रेंज नाही लेकाले.' कौसल्याकाकूंना मात्र फुल्ल रेंज, कारण काका नुसते खाकरले तरी चुलीवर चहा चढतो.

याच काकूंच्या मूत्रपिंडावर गाठ निघाली. ऑपरेशन नागपुरात ठरलं, पण डॉक्टर बसणार दिल्लीत. तिथे ते हात हलवणार आणि इथे काकूंजवळ यंत्राचे हात चालणार. मुलाने, प्रवीणने, हे समजावलं तसे काका ताडकन उभे राहिले.

"आन मधात रेंज गेली तं?"

"बाबा, त्याची वायर अलग राह्यते. अन् आईच्या बाजूले एक डॉक्टर उभाच राह्यते."

"वायरीचं मले नको सांगू. आपल्या वावरातली वायर डुकरायनं उकरली होती!"

ऑपरेशनच्या दिवशी प्रवीण नागपुरात आणि काका गावात. "मी गेलो तं इथली रेंज कोण राखन?" म्हणत ते सकाळपासून दारोदार फिरले. "आज फोन बंद ठेवा बाप्पा. तुमी रील पाहसान अन् तिकडं डॉक्टरचा हात अडकन!"

आम्ही पोट धरून हसलो. पण काकूंच्या हातचं लोणचं खाल्लं नाही असं घर वस्तीत नाही. सगळ्यांनी फोन बंद केले. सलीमभाईंनी तर आपलं मोबाइलचं दुकानच उघडलं नाही.

दुपार कलली. काका माझ्या ओट्यावर बसून होते, सकाळपासून उपाशी.

"काका, आता तरी फोन चालू करा."

"थांब. टाके राह्यले असतीन."

रेंजचं नुसतं निमित्त होतं. फोनवर काय ऐकावं लागेल, याचीच त्यांना धास्ती होती. मी त्यांच्या खिशातून फोन काढून चालू केला. तो लगेच वाजला, तसा काकांच्या हातात देऊन मी बाजूला सरकलो.

"बाबा, कवाचा लावून राह्यलो! साऱ्या वस्तीचे फोन बंद! ऑपरेशन झालं, आई बरी हाय. घ्या, बोला तिच्याशी."

मग काकूंचा थकलेला आवाज आला. "अजी, जेवले काय तुमी?"

काकांचे डोळे घळाघळा वाहायला लागले. शेवटी ते ओरडले, "हॅलो! ऐकू येऊन नाही राह्यलं वं! रेंज नाही इथं!"

फोनवर सगळ्या दांड्या होत्या. काकूंचा शब्द न् शब्द मला ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता.

"बरं," काकू म्हणाल्या. "रेंज आली का जेवून घेजा."