नऊ वाजताचा एकोपा

"या गावातला एकोपा माझ्याबिगर व्हनार न्हाई," असं राधाकृष्ण बोडखे रोज दाढी करताना आरशाला सांगायचा. आरसा कधी नाही म्हणाला नाही. बायको बनुबाई म्हणायची, पण तिचं ऐकतो कोण!

तिसगावच्या पलीकडच्या हिवरदऱ्यात एकोपा आधीपासूनच होता, आणि तीच राधाकृष्णची अडचण होती. त्याला पक्षाच्या साहेबांकडून पंचायत समितीचं तिकीट हवं होतं. त्यासाठी काहीतरी मिटवून दाखवायला पाहिजे, आणि गावात मिटवण्याजोगं काही सापडेना. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या अभ्यास दौऱ्यात तो कोकण बघून आला. तिथल्या एका बंदरावर कोळ्यांचा नारळ, दर्ग्याचा संदल आणि चर्चची मिरवणूक एकाच रस्त्याने निघते, असं त्याच्या कानावर आलं. परतल्यावर चावडीत म्हणाला, आपल्याकडे समुद्र नसला तरी मन समुद्राएवढं पाहिजे. लोकांनी ऐकून घेतलं.

त्या साली गणपती विसर्जन आणि पैगंबर जयंतीचा जुलूस एकाच दिवशी आले. दोघांची वेळ चारची, रस्ता एकच, पेठेतला. अशा वेळी मंडळाचा गहिनीनाथ आणि मशिदीचे दस्तगीरचाचा गोरक्षनाथच्या हॉटेलात चहा घ्यायचे आणि विषय संपायचा. यंदा त्यांच्या चहाआधीच राधाकृष्ण पोचला.

"चारचा मान त्यांना द्या, तुमी सकाळी नऊला काढा," त्याने गहिनीनाथला सांगितलं. "पन त्यांना बोलू नका. चारला साहेब येनारंत, तवा मी जाहीर करीन."

मग दस्तगीरचाचांकडे जाऊन त्याने हेच शब्दशः सांगितलं. चाचांनाही पटलं. एका बाजूच्या त्यागापेक्षा दोन बाजूंचा त्याग वजनदार, एवढंच राधाकृष्णच्या डोक्यात होतं. दोघंही नऊला निघाले तर नऊला काय होईल, हा विचार करायला फ्लेक्सच्या गडबडीत त्याला सवड मिळाली नाही.

पेठ अशी की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला दुकानात शिरावं लागतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी तिथे दोन ट्रॅक्टर नाकाला नाक लावून उभे राहिले. एकीकडे बाप्पा, दुसरीकडे हिरवे झेंडे. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं अर्धा तास चाललं. मग दोघांनीही मोठ्या मनाने ट्रॅक्टर मागे घेतला आणि दोन्ही ट्रॉल्या आडव्या होऊन भिंतींत रुतल्या. मागे दुधाचा टेम्पो अडकला. ऊन तापलं, दूध नासायला लागलं आणि मनं लहान झाली.

"आमी तुमच्यासाठी येळ बदलली," गहिनीनाथ म्हणाला.

"मंग आमी काय तुमच्या उरावर यायला बदलली व्हय?" चाचांचा आवाज चढला. गावाने त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला.

फौजदार आले. नऊची वेळ कुणी दिली, एवढंच त्यांनी विचारलं. दोन्ही बाजूंनी एकाच दमात एकच नाव आलं आणि सगळी पेठ समोरच्या सलूनकडे वळली. दारात राधाकृष्ण उभा होता, गळ्यात टॉवेल, अर्धी मिशी काळी, अर्धी पांढरी. साहेबांसाठी कलप चालू होता.

गोरक्षनाथने चहा आणला. दहा मिनिटांत ठरलं. दोन्हीकडच्या पोरांनी ट्रॉल्या सोडवून हाताने मागे ढकलल्या, जुलूस पुढे गेला, पाठोपाठ बाप्पा. फौजदारांनी तिथेच एक कागद लिहून राधाकृष्णच्या हाती दिला.

चारला साहेब आले. स्वागताची कमान होती, फुलांची पोती होती, रस्ता रिकामा होता. कुठे आहेत मिरवणुका, त्यांनी विचारलं. सकाळीच झाल्या, गावानं आपसात मिटवलं, असं कुणीतरी सांगितलं. साहेब गाडीकडे निघाले. राधाकृष्णचं तिकीटही त्यांच्याबरोबर निघालं होतं.

तेवढ्यात साहेबांना त्याच्या खिशातला कागद दिसला. त्यांनी तो ओढून मोठ्याने वाचला, "सदर इसमामुळे दोन गटांत तेढ निर्माण होऊन शांतता भंग होण्याची शक्यता आहे."

राधाकृष्ण शरमेने मान खाली घालून उभा राहिला.

"दोन्ही गट? तुम्ही एकट्यानं?" साहेबांनी विचारलं.

"व्हय, साहेब. चुकलं."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, मिटवणारे गल्लोगल्ली सापडतात. असा माणूस आम्ही कधीचा शोधतोय."

तिकीट जागेवर पक्कं झालं. घरी आल्यावर राधाकृष्णने तो कागद देवघरात ठेवायला दिला. बनुबाईने तो चुलीत घातला.