लाडकीआत्याची गोळी

आमच्या शेजारच्या लाडकीआत्याला एकट्याने औषध घेतलेलं चालत नाही. स्वतःचं नाही आणि दुसऱ्याचंही नाही. तिची बीपीची गोळी ती घरात कधीच घेत नाही. पदराच्या गाठीत बांधून आणते आणि पाड्यात आणखी कोण गोळी घेतंय ते शोधत फिरते. कुणी सापडलं की समोर फतकल मारून बसते. दोघांनी एकदम गिळायची. मग हुकूम सुटतो, "जीभ दाखव." दुसऱ्या घरी पोचेपर्यंत तिची गोळी संपलेली असते, म्हणून तिथे ती ओवा चावते. "एकट्यानं गिळली तर गोळी लागत नाय. खरंय का नाय?" असं विचारते आणि उत्तराला थांबत नाही.

तलासरीकडच्या आमच्या पाड्यात सगळे तिला हसायचे. मीही हसायचे.

मग काशीबाईच्या सुरेशला टीबी झाला. पोरगा नरपडला चिकूच्या वाडीत कामाला होता, तो घरी परतला. काशीबाईने लेकाचं ताट वेगळं केलं आणि जेवण लांबून सरकवू लागली. ताटवाटीतून टीबी पसरत नाही, असं नर्सबाईंनी सांगून पाहिलं. काशीबाई मान डोलवायची आणि ताट वेगळंच ठेवायची. आत्या सकाळी अंगणात सुरेशसमोर बसली, त्याच्याबरोबर गोळी गिळली आणि त्याच्याच ताटातली भाकरी मोडून खाल्ली. काशीबाई बघतच राहिली. हळूहळू तीही आपलं ताट घेऊन अंगणात येऊ लागली.

पुढे सुरेशचा खोकला थांबला, अंग भरलं. तेवढ्यात भगताने तांदळाचे दाणे बघून सांगितलं की घरात देव बसवलाय, तो उठेपर्यंत दवाखान्याची गोळी बंद. सुरेशच्या ते पथ्यावरच पडलं; त्या गोळ्यांनी त्याला मळमळायचं. आत्या तडक भगताकडे निघाली. गंमत बघायला मीही मागोमाग गेले. आत्याने आणि भगताने लहानपणी एकत्र गुरं राखलेली, त्यामुळे भांडण असं झालंच नाही. तिने दाणे पुन्हा टाकायला लावले आणि मनासारखे पडेपर्यंत जागची हलली नाही. शेवटी भगताने कपाळ पुसलं आणि म्हणाला, देवाची हरकत दिसत नाही, आधी गोळी, मग अंगारा. आत्याने खूश होऊन त्यालाही चिमूटभर ओवा दिला.

परतताना मी तिला विचारलं, एवढा हट्ट कशाला?

"आमचा माणूस शेवटी शेवटी आत खोकायचा," ती म्हणाली. "मी दारातून विचारायची, गोळी घेतलीस का? तो हो म्हणायचा. आत जाऊ नको असं सगळ्यांनी सांगितलेलं. मी गेले नाय."

सुरेशचं औषध पूर्ण झालं. तपासणीत काही निघालं नाही. काशीबाईने कोंबडी कापली, पाडा जेवला आणि आत्या गुडघे धरून बसायची वेळ येईपर्यंत नाचली.

दुसऱ्या सकाळी ती नेहमीच्या वेळी सुरेशच्या अंगणात हजर. तिथे आल्यावर तिच्या ध्यानात आलं की सुरेशची गोळी आता संपली. उभीच राहिली.

"इकडून चाललेली," ती म्हणाली.

सुरेशने चटई अंथरली. काशीबाईने आतूनच सांगितलं की भाकरी तव्यावर आहे आणि सुकट भाजतेय.

आत्या बसली. दुपारपर्यंत ती उठली नाही, आणि कुणी तिला उठवलंही नाही.