बापूची बालवाडी

बैठकीला पन्नास मिनिटं उरली होती आणि बापूच्या बालवाडीत मुलं गारठत होती. मुलं काय, थंडीही अजून संगणकातच होती; जागेवर बांधकाम तेवढं सुरू झालं होतं. पण बापूच्या कपाळावरचा घाम अगदी खरा होता. फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून वर्ग ऊबदार ठेवायचे, अशी योजना होती. थंडीत ती कितपत चालेल ते संगणकातलं मॉडेल आधीच सांगतं. मॉडेल सांगत होतं की वर्गात चौदा अंश आणि खालच्या अडगळीच्या खोलीत एकतीस.

एकोणतिसाव्या वर्षी त्याला बापू म्हणत, कारण कागद तीनदा तपासल्याशिवाय तो पेन खाली ठेवत नसे. आर्किटेक्टच्या ऑफिसातलं हे त्याचं पहिलं स्वतंत्र काम. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "आज पार पडलं तर पुढची कामं तुझी. नाहीतर आहेच पुन्हा जिन्यांची मापं काढणं."

मॉडेल एकदा चालवायला नऊ मिनिटं लागत. बापूने पाणी आणखी तापवलं. वर्ग पंधरा, अडगळ अडतीस. नळ्या दुप्पट केल्या. वर्ग सोळा, अडगळ पंचेचाळीस. बॉयलर वाढवला तर तो खोलीत मावेना. म्हणून भिंत सरकवली, तर मुलांचं स्वच्छतागृह गेलं.

शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारी ड्राफ्ट्समन डोकावली. "मुलांना खालीच बसव की. कपाटं वर ठेव."

"गप बस गं. इथे जीव चाललाय माझा."

तेवढ्यात त्याची नजर फरशीच्या थरांच्या यादीवर गेली. चारचौघं लिहितात तशी त्याने ती वरून खाली भरली होती: फरशी, नळ्या, ऊब अडवणारा फोम, सगळ्यात शेवटी स्लॅब. सॉफ्टवेअर मात्र पहिला थर सगळ्यात खालचा धरतं. म्हणजे मॉडेलमध्ये नळ्यांच्या डोक्यावर फोमचं पांघरूण पडलं होतं आणि सगळी ऊब अडगळीतल्या कपाटांना मिळत होती.

त्याने यादी उलटी केली, बॉयलर लहान केला, स्वच्छतागृह मुलांना परत दिलं आणि नऊ मिनिटं नखं खात बसला. वर्ग एकवीस, अडगळ बारा. कुणाला पत्ताही लागला नव्हता. अहवाल छापून तो धावतच बैठकीत शिरला, आणि कागद तपासायचा राहिला तो नेमका त्याच दिवशी.

"आमची मुलं दिवसभर जमिनीवरच असतात हो," मुख्याध्यापिका आकडे बघत म्हणाल्या. "आता काळजी मिटली."

कंत्राटदार मात्र शेवटच्या पानावर अडकला होता. "साहेब, इथे फोम नळ्यांच्या वर दाखवलाय. पहिल्या यादीत खाली होता. आम्ही तसाच घातला. चार वर्गांच्या फरश्या झाल्याही कालपर्यंत."

"मग तोडा," साहेब म्हणाले. "शेवटचा अहवाल खरा."

कंत्राटदाराने खिशातून फोन काढला. बापू गप्प बसला तर अब्रू वाचत होती, पण चांगल्या फरश्या फुटणार होत्या आणि पोरं खरोखरची गारठणार होती. तिकडे फोन लागलासुद्धा.

"तोडू नका," बापू म्हणाला. "काम बरोबर आहे. मॉडेलमध्ये थर खालून वर भरायचे असतात. मी उलटे भरले होते. आत्ता बैठकीआधी सुधारले आणि तीच यादी इथे छापून आली. चूक माझी आहे."

फोनमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं.

"म्हणजे फरश्या ठीक आहेत ना?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"हो बाई. अगदी."

"मग झालं तर," म्हणत त्यांनी पर्स उचलली. कंत्राटदार फोनमध्ये "काही नाही, चालू दे" म्हणाला आणि त्यांच्यामागोमाग निघाला.

साहेबांनी दार लावून घेतलं. बापू मान खाली घालून उभा राहिला. आता जिनेच, त्याने मनाशी म्हटलं.

"खालून वर भरायचे असतात?" साहेबांनी हळूच विचारलं.

"हो साहेब."

"प्रत्येक फरशीला?"

"हो साहेब."

साहेब खुर्चीत बसले.

"तरीच," ते म्हणाले, "आपल्या त्या वाचनालयात लोक भर थंडीत खिडक्या उघडून बसतात. मॉडेल गारठा दाखवायचं आणि मी बॉयलर वाढवत जायचो. माझ्या जुन्या फाइली काढ बापू. नऊ आहेत. आणि बाहेर बोलू नकोस कुठे."