दिनूभाऊंचा थर्मास

दिनूभाऊ आगाशे कुणाची स्तुती करायची झाली की म्हणत, "फार थंड माणूस आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती निंदा वाटली होती. मी बँकेच्या बदलीवर बनारसला नवाच आलो होतो. शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांच्या घराच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. किल्ली देताना त्यांनी आपला उलटा हात माझ्या मनगटाला लावला, थोडा वेळ ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. ज्यादा गरम नाही तुम्ही."

ही त्यांची खोडच होती. भिंत, जिन्याचा कठडा, दूधवाल्याचं कॅन, पाहुण्याची पिशवी, जे समोर येईल त्याला हात लावून ते गरम की थंड ते ठरवत. कारण एकच. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होण्याआधीपासून त्यांना मधुमेह होता आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. त्या इन्सुलिनला बनारसचा उन्हाळा सोसत नसे.

"उकडलं तरी मरतं, गोठलं तरी मरतं," ते बाटली उजेडात धरून सांगत. "नवाबाची औलाद आहे साली. आणि मी तिचा हुजऱ्या."

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. माणसाच्या नमुन्यावर बनवलेलं नवं इन्सुलिन निघालं होतं, पण ते महाग. दिनूभाऊंच्या पेन्शनीत बसणारं इन्सुलिन जनावरांच्या ग्रंथीतून काढलेलं असे. गल्लीत तर सगळे वैदिक, याज्ञिक. एकदा शेजारच्या शास्त्रीबुवांनी दबक्या आवाजात विचारलं, "कशापासून करतात हो ते?" दिनूभाऊंनी सांगून टाकलं. शास्त्रीबुवांनी पंचा खांद्यावर सारखा केला.

"पोटात घेता?"

"नाही. मांडीत टोचतो."

"मग तुम्ही आणि तुमची मांडी बघून घ्या," शास्त्रीबुवा म्हणाले आणि पंचा झटकून आंघोळीला घाट उतरले. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही. उलट आमच्या बाजूची वीज गेली आणि त्यांचा फ्रिज चालू असला, की खिडकीतून ओरडत, "आगाशे, तुमचं ते पाठवून द्या इकडे!"

काशीत हे असं होतं. पुढे काय झालं ते कळावं म्हणून हे सांगून ठेवतो.

दिनूभाऊंचे थोरले भाऊ पुण्याला पेठेत राहत. वडिलांचं श्राद्ध दर वर्षी तिथे होई आणि दिनूभाऊ न चुकता जात. तिथी वैशाखातली. "बाबांनी जायला महिना बघा कुठला निवडला," ते चिडून म्हणत. "पौषात गेले असते तर काय बिघडलं असतं? सगळे आरामात असतो. ते पण."

त्या वर्षी मलाही बहिणीकडे पुण्याला जायचं होतं. कमलाकाकू, म्हणजे दिनूभाऊंच्या पत्नी, वर येऊन म्हणाल्या, "तुम्ही बरोबर असाल तर बरं होईल. गाडीत फार भांडतात हो ते."

भांडतात म्हणजे किती, ते गाडी सुटायच्या आधीच कळलं. दिनूभाऊंच्या मांडीवर रुंद तोंडाचा एक थर्मास होता. तळाशी बर्फ, त्यावर काकूंच्या जुन्या लुगड्याच्या घड्या, आणि त्या घड्यांत प्लॅस्टिकच्या डबीत बसवलेली बाटली. बर्फ तिला लागता कामा नये आणि बर्फापासून ती लांबही जाता कामा नये. दर दोन तासांनी झाकण उघडायचं, वितळलेलं पाणी ओतायचं, नवा बर्फ भरायचा. आणि नवा बर्फ मिळवायचा म्हणजे भारतीय रेल्वेशी युद्ध.

सतन्याला समोरच्या बाकावरचे एक जाडजूड शेटजी घाम पुसत म्हणाले, "भाईसाहब, एक टुकडा हमें भी दीजिए, गला सूख रहा है."

दिनूभाऊंनी थर्मास छातीशी धरला. "यह बर्फ पीने का नहीं, जीने का है."

शेटजींना वाटलं, आत दारू आहे. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले आणि जबलपूरपर्यंत आमच्याकडे पाठ करून बसले.

इटारसीला फलाटावरचा सरबतवाला म्हणाला, "बर्फ नहीं बेचते. ठंडा लो तो बर्फ मिलेगा." गाडी सुटायला चार मिनिटं. दिनूभाऊंनी चार बाटल्या घेतल्या, त्याच्या पेटीतला बर्फ दोन्ही हातांनी उपसला, आणि एक घोटही पिता येत नसलेल्या त्या चार गोड बाटल्या डब्यात वाटून टाकल्या. एक शेटजींनाही दिली. "घ्या, तुमचं पण नशीब," असं तोंड वाकडं करून म्हणाले. भुसावळला तिकीट तपासनिसाशी भांडले, कारण त्याने चुकून थर्मासवर हातातली फाइल ठेवली. मनमाडला खानपानाच्या डब्यात घुसून आचाऱ्याला म्हणाले, "मी रेल्वेला छत्तीस वर्षं दिली, तुला मूठभर बर्फ देता येत नाही?" मला शरमेनं मेल्यासारखं होत होतं. पण बर्फ मिळत होता.

कल्याणला गाडी बदलून आम्ही दुपारी पुण्यात उतरलो. बहिणीचं घर पुढे होतं, म्हणून एकच रिक्षा केली आणि सामान द्यायला त्यांच्याबरोबर दोन जिने चढलो.

दार वहिनींनी उघडलं. "आलात का? या." हॉलमध्ये खुर्चीत दादा बसले होते. ऐंशीच्या आसपासचे, ताठ, स्वच्छ धोतर, हातात वर्तमानपत्र. दिनूभाऊंनी वाकून नमस्कार केला. दादांनी "हं" म्हटलं. मला पाणी मिळालं. दिनूभाऊ थर्मास घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले. आत शिरले नाहीत.

"वहिनी, हे जरा फ्रिजमध्ये…"

वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"त्यात नैवेद्याचं दूध आहे," ते म्हणाले. "उद्या बाबांची तिथी. असल्या वस्तू स्वयंपाकघरात नकोत. तुला दर वेळी सांगायला लागू नये."

मी दिनूभाऊंकडे पाहिलं. इटारसीला दोन्ही हातांनी बर्फ उपसणारा माणूस होता तो. आता भडका उडणार म्हणून मी ग्लास खाली ठेवला.

"हो हो," दिनूभाऊ म्हणाले. "बरोबर आहे दादा. मी आपलं विचारलं. सवय ना."

आणि ते हसले. ते हसणं मला बघवलं नाही. बोलायला हवं होतं मीच. निदान इतकं तरी, की दादा, काशीतले शास्त्री खिडकीतून हाक मारून ही बाटली ठेवून घेतात. पण परक्याच्या घरात पाणी पिऊन झालेल्या माणसासारखा मी "येतो" म्हणालो आणि चपला घातल्या.

"थांबा, मी पण येतो खाली," दिनूभाऊ म्हणाले.

खाली आल्यावर मी म्हटलं, "माझ्या बहिणीकडे फ्रिज आहे. चला."

"नको."

"अहो, ती काही म्हणणार नाही."

"ती नाही म्हणणार. पण तिला कळेल ना, की माझ्या सख्ख्या भावाकडे ठेवत नाहीत." आणि ते भराभर चालायला लागले.

चौकात एक दूध डेअरी होती. गल्ल्यावरच्या माणसाने त्यांना पाहताच हात पुढे केला. "या काका! कालच म्हटलं, तिथी जवळ आली, काका दिसले नाहीत." त्याने थर्मास उघडला, डबी काढली आणि दुधाच्या पिशव्यांशेजारी फ्रिजमध्ये ठेवून दिली. विचारायचं काही नव्हतंच. मागे क्रेट मांडून पडद्यासारखं पोतं लावलेलं होतं. सकाळी साडेपाचला डेअरी उघडली की दिनूभाऊ तिथे क्रेटवर बसून टोचून घेत आणि घाईने भावाकडे चहाला परतत. संध्याकाळी पुन्हा तेच. श्राद्धाच्या दिवशी जेवायला तीन वाजत, तोवर चक्कर येऊ नये म्हणून सदऱ्याच्या खिशात साखर ठेवत.

"किती वर्षं चाललंय हे?" मी विचारलं.

"मला हे लागलं तेव्हापासून."

"मग येता कशाला?" माझा आवाज चढला होता.

दिनूभाऊंनी फ्रिजच्या दाराला उलटा हात लावून बघितला. "बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला मॅट्रिक दादांनी केलं. रेल्वेत चिकटवलं त्यांनीच. स्वतःला एक कोट शिवला नाही हो त्यांनी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या बाबांच्या नावाने पंगत बसेल. त्यात दादांच्या शेजारचं पान माझं असतं. वर्षातनं एकदा. आता जा तुम्ही, बहीण वाट बघत असेल."

चौथ्या दिवशी परतीच्या गाडीत ते भांडले नाहीत. जबलपूरला मीच उतरून बर्फ आणला. अलाहाबाद गेल्यावर ते म्हणाले, "घरी काही बोलू नका हं. कमलाला उगाच परेशानी."

घरी पोचलो. काकूंनी दारातच विचारलं, "औषध नीट राहिलं ना?"

"राहिलं म्हणजे काय!" दिनूभाऊ जोरात म्हणाले. "दादांनी स्वतः उठून फ्रिजमधलं लोण्याचं भांडं काढलं. म्हणाले, दिनूचं औषध आधी, लोणी मागाहून. या वयात उठले बघ. विचार यांना."

दोघंही माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो. "मी होतो तिथे."

दिनूभाऊ खूश होऊन पंचा घेऊन घाटाकडे गेले. त्यांची पावलं पायऱ्यांवर ऐकू येईनाशी होईपर्यंत काकू दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी थर्मासमधली बाटली काढली आणि पदराने कोरडी केली.

"गेल्या वर्षी आंबे होते," त्या म्हणाल्या. "दादांनी आंब्यांची टोपली बाहेर काढून जागा केली होती. त्याच्या आदल्या वर्षी दह्याचं पातेलं."

मी पिशवी उचलली.

"लग्न झाल्यावर चार वर्षं राहिले आहे मी त्या घरात. मला कुणी सांगायला लागत नाही." त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "पण मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका. येताना सगळ्या वाटेत तेच जुळवत बसलेले असतात हो."

आणि चहा टाकायला त्या आत गेल्या. जाता जाता स्वतःशीच म्हणाल्या, "लोणी. यंदाचं चांगलं आहे."