ग्रिनिचच्या घड्याळाने पासष्ट

११ जून २०१९, मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. शिकागोहून मिनेसोटातल्या डलूथला जाणाऱ्या पन्नास आसनी विमानात त्रेचाळीस प्रवासी चढत होते आणि त्यांपैकी एकोणीस जण सुंडगार्ड होते. कॅप्टन व्हर्लिन सुंडगार्ड यांचे हे निवृत्तीपूर्वीचे अखेरचे उड्डाण. ते याचि देही याचि डोळा पाहता यावे म्हणून त्यांचे अवघे गोत सकाळच्या विमानाने डलूथहून शिकागोला आले होते, विमानतळावरच जेवले होते आणि आता परत निघाले होते.

प्रवासी विमानाच्या वैमानिकाला पासष्टाव्या वाढदिवशी थांबावे लागते. कॅप्टनांचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी, म्हणजे १२ जूनला होता. मात्र त्यांच्या कंपनीत तारीख, वेळ, हजेरी, सारे काही ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे चाले. शिकागोत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा ग्रिनिचला मध्यरात्र होऊन तारीख बदलते. विमान डलूथला उतरणार होते सहा वीसला.

"चाळीस मिनिटं हातात आहेत," सकाळी बुटांना पॉलिश करताना कॅप्टन पत्नीला म्हणाले होते.

"एलरॉय येतोय, म्हणून विचारते," आर्डिस म्हणाली होती. "पुरतील ना?"

एलरॉय हा कॅप्टनांचा धाकटा भाऊ.

वैमानिकांच्या जगात वयाला मान नसतो, तो यादीतल्या क्रमांकाला असतो. पगार, सुट्ट्या, सोयीचे मार्ग, सारे त्या क्रमांकावर ठरते. आणि वरचा एक गेल्यावाचून खालचा एक सरकत नाही. कॅप्टन सुंडगार्ड यादीत पहिले होते. साहजिकच त्यांच्या निवृत्तीनिमित्त कंपनीतल्या सगळ्या वैमानिकांनी वर्गणी काढून जो केक पाठवला होता, त्यावरच्या साखरेच्या अक्षरांत दुःखाचा मागमूस नव्हता. सहवैमानिक टेस माकी हिनेही वर्गणी दिली होती. या नोकरीला लागणारे उड्डाणाचे पंधराशे तास भरावेत म्हणून तिने तीन वर्षे नवशिक्यांना शिकवण्यात काढली होती, आणि सात जणींत एक स्नानगृह असलेल्या घरात ती राहत होती.

पहिला उशीर छायाचित्रांचा झाला. विमान उभे असताना कॉकपिटमध्ये डोकावण्यास हरकत नसते. पण तिथे दोन खुर्च्यांखेरीज एकच माणूस, तोही वाकून, मावतो. त्यामुळे सुंडगार्ड कुटुंबाचे समूहछायाचित्र हप्त्याहप्त्याने घ्यावे लागले.

दुसरा उशीर एलरॉयच्या ॲकॉर्डियनचा.

"साहेब, हे वरच्या कप्प्यात बसत नाही. खाली सामानात द्यावं लागेल," हवाईसेविका डोरीन म्हणाली.

"हिला सामानात टाकू? त्याआधी बायकोला टाकीन!"

"ऐकलं मी," मागून त्याची बायको म्हणाली.

अखेर ॲकॉर्डियनला खिडकीजवळची एक रिकामी जागा आणि तिचा पट्टा मिळाला.

तिसरा उशीर प्रेमाचा होता. सुंडगार्ड मंडळींची स्वस्तातली तिकिटे शेपटीकडची होती. व्हर्लिनची अखेरची उद्घोषणा नीट ऐकू यावी म्हणून ती सगळी गुपचूप उठून पुढच्या रिकाम्या जागांवर येऊन बसली. आणि ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनी अनोळखी प्रवाशांना गळ घालून मागे धाडले. लहान विमान हा एक तराजूच असतो. डोरीनने माणसे मोजली आणि आकडा कॉकपिटमध्ये कळवला.

"वजन पुढे सरकलं की गणित बदललं," कॅप्टन म्हणाले. "सगळ्यांना आपापल्या जागी बसव. मग पुन्हा मोज."

"तुमच्या वहिनी म्हणतात, त्या तुम्हाला लहानपणापासून ओळखतात."

"मग माझं ऐकायची सवय असेल."

मंडळी गाल फुगवून मागे गेली. दुसऱ्या मोजणीत एक माणूस कमी भरला. हुल्डा मावशी स्वच्छतागृहात होत्या. तिसऱ्या मोजणीत आकडा जुळला. पाच चोवीसला ब्रेक सुटले आणि विमान धावपट्टीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे अकरा विमाने होती.

आता टेसपुढे पेच उभा राहिला. चाके फिरू लागल्यापासून विमान दहा हजार फुटांवर पोहोचेपर्यंत कॉकपिटमध्ये उड्डाणाव्यतिरिक्त एक अक्षर बोलायचे नाही, असा नियम आहे. आणि कॅप्टन सुंडगार्डांच्या शेजारी बसून तो मोडणारा सहवैमानिक अद्याप जन्मायचा होता. टेसने रांग पाहिली, वारा पाहिला, मनाशी बेरीज केली. डलूथला चाके टेकणार होती सात वाजून सहा मिनिटांनी.

"कॅप्टन, तुमचा वाढदिवस..."

"टेस, शुभेच्छा वर गेल्यावर."

"शुभेच्छा नाहीत, कॅप्टन."

"दहा हजार फुटांखाली वाढदिवस नसतो. हे मीच तुला शिकवलंय."

त्यांनी आणखीही एक गोष्ट शिकवली होती. वरिष्ठ चुकत असेल तर त्याला नावाने हाक मारायची, अडचण सांगायची, उपाय सांगायचा. आणि त्याने ऐकले नाही, तर पुन्हा सांगायचे. टेसने तेच केले.

"कॅप्टन सुंडगार्ड, मला काळजी वाटते. आपण सात वाजून सहा मिनिटांनी उतरणार. शेवटची सहा मिनिटं हे विमान पासष्ट वर्षांच्या माणसाच्या हातात असेल. मी सुचवते, परत फिरू या."

कॅप्टनांनी घड्याळाकडे पाहिले. मग रांगेकडे. मग पुन्हा घड्याळाकडे. एकतीस वर्षांत त्यांनी असंख्य विमाने वादळासाठी, धुक्यासाठी, एकदा तर धावपट्टीवरल्या हरणासाठी परत फिरवली होती. त्यांनी रेडिओचे बटण दाबले आणि परतीची परवानगी मागितली.

"कारण?" मनोऱ्यातून प्रश्न आला.

"वैमानिकाचं वय वाढलंय."

"या रांगेत सगळ्यांचंच वाढतंय," मनोरा म्हणाला. "डावीकडे वळा."

पाच अठ्ठावन्नला विमान पुन्हा विमानतळाच्या दाराशी लागल्यावर कॅप्टन स्वतः प्रवाशांपुढे उभे राहिले आणि त्यांनी झाला प्रकार क्रमवार सांगितला. मागच्या बाकांवरून गदारोळ उठला.

"बाहेर लख्ख ऊन आहे!" एलरॉय उभा राहिला. "उद्या आजच कसा उजाडेल?"

"ऊन बघून तारीख ठरवायची, तर हिवाळ्यात आपल्या गावात तारीखच लागणार नाही."

"हा नियम केला कोणत्या शहाण्याने?"

"नियमांच्या समितीने," कॅप्टन म्हणाले. "अध्यक्ष मी होतो. वाढदिवसाला सूट द्यावी अशी सूचना आली होती. मी ती फेटाळली."

"ते ग्रिनिच कुठे आहे?" तिसऱ्या रांगेतल्या एका विक्रेत्याने विचारले. "यांना तिथेच नेऊन सोडा, म्हणजे आम्ही घरी जाऊ."

आर्डिस उठून पुढे आली.

"व्हर्लिन, तू जन्मलास किती वाजता?"

"रात्री अकरा चाळीसला. का?"

"बारा जूनच्या रात्री. तेव्हा तुझ्या ग्रिनिचला कोणती तारीख होती?"

कॅप्टनांचे ओठ हलू लागले. अकरा चाळीस, अधिक पाच तास.

"तेरा," ते हळूच म्हणाले.

"मग घड्याळ ग्रिनिचचं आणि जन्म मिनेसोटाचा, असं कसं चालेल? दोन्हीकडे एकच घड्याळ लाव. तू अजून दिवसभर चौसष्टचा आहेस."

मागे टाळ्या पडल्या. एलरॉयने ॲकॉर्डियनचा पट्टा सोडला. टेसने बोटांवर हिशेब पडताळला. त्यात खोट नव्हती. कॅप्टनांनी कंपनीच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि पत्नीचा मुद्दा सविस्तर मांडला.

"कॅप्टन," पलीकडून आवाज आला, "तर्क बिनतोड आहे. माझं डोकं भणभणलंय. तुमच्या जन्मदाखल्यावर मात्र बारा लिहिलंय. तुम्हीच सांगा, काय करू?"

त्रेचाळीस माणसे त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. डलूथला अग्निशमन दलाच्या दोन गाड्या पाण्याची कमान उभारून मानवंदना देण्यासाठी ताटकळत होत्या. हो म्हटले असते तर एवढे सगळे त्यांचे होते.

"आर्डिस, तू बरोबर आहेस," कॅप्टन म्हणाले. "पण दोन उत्तरं निघाली म्हणजे शंका आहे. शंका असली की मी विमान उडवत नाही." मग फोनवर म्हणाले, "राखीव कॅप्टन पाठवा."

राखीव कॅप्टन रूडी कोवाल्चिक विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला झोपले होते. ते येईपर्यंत प्रवाशांनी केक संपवला, विक्रेत्याने दोन तुकडे खाल्ले आणि हुल्डा मावशींनी त्याला आपल्या भाचीचे छायाचित्रही दाखवले. सहा अठ्ठावन्नला रूडी हाशहुश करत आत शिरले.

"अभिनंदन," सुंडगार्डांनी हात पुढे केला. "यादीत आता तू पहिला."

"अजून दोन मिनिटं तुम्हीच," रूडी म्हणाले. वैमानिक तो वैमानिक.

कॅप्टन आठव्या रांगेत पत्नीशेजारी बसले. लग्नाला अडतीस वर्षे झाली होती. पण विमानात तिच्या बाजूला निवांत बसण्याची ही पहिलीच वेळ. विमान हलले तसे त्यांचे पाय आपोआप ब्रेक शोधू लागले.

"रूडी जरा जोरात वळवतोय."

"व्हर्लिन."

"पंखांची फळी आत घेतल्याचा आवाज ऐकलास? थोडी लवकर..."

"व्हर्लिन, शेंगदाणे खा."

त्यांनी शेंगदाणे खाल्ले. तिचा हात हातात घेतला. ढगांच्या वर आल्यावर सोनेरी उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडला, आणि आर्डिसने खिडकीची झडप ओढली.

डलूथला चाके टेकली तेव्हा सरोवरावर अजून ऊन होते. अग्निशमनवाले थांबले होते. दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारा उसळल्या, विमानावर कोसळल्या, खिडक्यांवरून ओघळल्या. एलरॉयने ॲकॉर्डियनवर पोल्का नाचाची जोरदार धून छेडली. सुंडगार्ड मंडळी बाकांवरून ओरडू लागली आणि त्यांच्यात विक्रेताही होता. टेसने कॉकपिटमधून ध्वनिक्षेपकावर कॅप्टनांचे नाव पुकारले.

"शू!" आर्डिस मागे वळून म्हणाली. तिच्या खांद्यावर डोके टाकून, तोंड उघडे ठेवून कॅप्टन गाढ झोपले होते. "कुणी उठवलंत तर बघा."

वैमानिकाला पगार मिळतो तो ब्रेक सुटल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा. त्या नियमानुसार कंपनीने कॅप्टन सुंडगार्डांना अखेरच्या दिवसाचे चौतीस मिनिटांचे वेतन दिले. झोपले मात्र ते एक तास चार मिनिटे.