अडीचचा साबण

वस्तू लपवण्यात माझा हात कुणी धरणार नाही! लग्नात सासऱ्यांनी दिलेली अंगठी मी इतकी बेमालूम लपवली की ती अजून सापडलेली नाही. त्यामुळे साबण लपवायची वेळ आली, तेव्हा मी जराही डगमगलो नाही.

साबण का लपवायचा? सांगतो.

अडीच रुपयांचं नाणं तुम्ही पाहिलेलं नाही. कुणीच पाहिलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी टांकसाळीत ते चाचणीपुरतं पाडलं, आणि बाजारात यायच्या आतच आठवड्याभरात सगळंच्या सगळं वितळवून टाकलं. कागदोपत्री कारण एकच शब्द, 'तांत्रिक'. आमच्या नाणेसंग्राहक मंडळात या एका शब्दावरून दोन जणांचं बोलणं बंद आहे. माझं ठाम मत होतं की यामागे फार वरच्या पातळीवरचं राजकारण आहे. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. राजकारण मला लांबून ओळखू येतं!

दोन वर्षं पत्रव्यवहार करून मी त्या नाण्याचा ठसा कोरणाऱ्या कारागिराच्या घरापर्यंत पोचलो. कारागीर जाऊन बरीच वर्षं झाली होती. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या काकू. माझं सगळं ऐकून घेऊन त्या आत गेल्या आणि पत्र्याची डबी घेऊन आल्या. डबीत कापूस, कापसात पिवळा, दगडासारखा कडक झालेला साबण. आणि साबणावर, दोन्ही अंगांना, खोल उमटलेलं नाणं!

"धातूचा कण बाहेर नेता येत नसे," काकू म्हणाल्या. "दारावर झडती व्हायची. पण हात धुवायचा साबण कोण बघतं? यांनी नाणं त्यात दाबलं आणि ठसा घरी आणला. मला दाखवायला."

जगात उरलेली त्या नाण्याची एकमेव खूण!

"न्या. रविवारी पाचला मी परत घ्यायला येईन. फोटो काढायचा नाही, साचा घ्यायचा नाही. नुसतं बघा. आणि कुणाला सांगू नका."

कुणाला नाही म्हणजे बायकोलाही नाही. आता बायकोपासून साबण लपवायचा कुठे? आमच्या घरात साबणाच्या वड्या कपड्यांच्या कपाटात, वरच्या खणात असतात. कपड्यांना वास लागतो म्हणून. मी डबीतून काढून साबणांतच साबण ठेवला! कोणता चोर तिथं बघेल? तीन दिवस कचेरीतून आलो की दार लावून, भिंग घेऊन बसायचो. कडेचे ठिपके मोजले. एकशे बत्तीस.

रविवारी चार वाजता खण उघडला. मोगऱ्याचा साबण होता, चंदनाचा होता. अडीचचा नव्हता.

"अगं, इथला साबण कुठाय?" मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. आवाज दोरीवरून पडणाऱ्या माणसासारखा निघाला.

"दादाला दिला," बायको पीठ मळता मळता म्हणाली. "आत्ताच आलाय. अंघोळीला गेलाय."

तिचा दादा, म्हणजे माझा मेहुणा, ट्रक चालवतो. आम्ही त्याला पैलवान म्हणतो. पाठ म्हणजे पाठ नव्हे, गोडाऊनचं शटर! त्या दिवशी त्यावर अकराशे किलोमीटरची धूळ होती.

"चांगले साबण सोडून तोच का दिलास?"

"जुनाट दिसत होता, संपवून टाकावा म्हटलं. का हो?"

मी न्हाणीघराच्या दारावर धडकलो. आत नळ धो धो वाहत होता आणि पैलवान सप्तकाची पर्वा न करता गात होता.

"पैलवान! साबण लावू नका!"

"काय?"

"साबण! खाली ठेवा!"

"हो हो, लावतोय!" आतून आवाज आला. "फेसच येत नाही दाजी! खसाखसा घासतोय!"

खसाखसा! माझ्या डोळ्यांपुढे एकशे बत्तीस ठिपके एकेक करून मोरीत निघाले. दार ठोठावलं. ढकललं. गाणं वाढलं. आता एकच उपाय होता. पाणीपुरवठ्यात चोवीस वर्षं काढली आहेत मी! जिन्याखाली धावलो आणि घराचा मुख्य व्हॉल्व्ह करकचून बंद केला.

वर आलो तर गाणं थांबलेलं. त्याऐवजी हंबरडा.

"दाजी! पाणी गेलं! डोळ्यांत साबण गेलाय!"

"साबण कुठाय ते सांगा!"

"डोळ्यांत!"

"उरलेला!"

"पाणी सोडा आधी!"

"आधी साबण द्या, मग पाणी!"

आतून मग पाय घसरल्याचा आवाज, बादली आपटल्याचा आवाज आणि शेवटी शटर कोसळल्याचा आवाज. बायको पिठाच्या हातांनी धावत आली. दार इंचभर उघडलं, त्यातून फेसाळलेला एक हात बाहेर आला आणि त्यानं माझ्या हातात साबण आपटला.

"घ्या! एका साबणासाठी पाणी तोडलंत! पाहुण्याचं!"

"माझ्या भावाला एक साबण जड झाला तुम्हाला?" बायको म्हणाली. तिचा आवाज चढला असता तर परवडलं असतं. तो खाली गेला होता.

मी तळहाताकडे बघत होतो. एक बाजू गुळगुळीत, नखासारखी. दुसऱ्या बाजूला 'च' आणि कडेचे सात-आठ ठिपके. बस्स.

मी व्हॉल्व्ह उघडला. पैलवान लाल डोळ्यांनी बाहेर आला आणि तडक बॅग भरू लागला. त्याच्या शर्टाची बाही धरून मी दोघांनाही सगळं सांगून टाकलं. नाणं, टांकसाळ, काकू. पैलवान मटकन खाली बसला.

"म्हणजे मी घासलं ते..."

"जगातलं शेवटचं होतं."

"अरे देवा! पाठीला लावलं हो मी!"

आणि घंटी वाजली. साडेचारच वाजले होते! काकू अर्धा तास आधी आल्या होत्या. चेहरा ओढलेला, छत्रीची मूठ घट्ट धरलेली.

"झालं बघून?" त्या दारातच म्हणाल्या. "काही... दिसलं तुम्हाला?"

मी साबण पुढे केला. काकूंनी तो उजेडात धरला. एकदा उलटा, एकदा सुलटा. पैलवान तर भिंतीत शिरायचा प्रयत्न करत होता.

"वेलांटी गेली," काकू म्हणाल्या.

"काकू, मी हात जोडतो..."

"गेली हो ती!" आणि त्या खुर्चीत बसून रडायलाच लागल्या. मग लक्षात आलं, हसतही होत्या.

बायकोनं पाणी दिलं. ते पिऊन त्या बोलल्या.

"मी शाळेत भाषा शिकवायचे. यांनी कौतुकानं ठसा आणला, मी तो आरशात धरला. 'अडिच'! पहिली वेलांटी! ठसा कोरताना सगळं उलटं कोरावं लागतं ना, तिथंच घात झाला. कागदावर सात साहेबांच्या सह्या होत्या, एकाला दिसलं नाही. मीच बोलून गेले, 'अहो, हे चुकलंय.' रात्रभर बसून राहिले ते. सकाळी स्वतः साहेबांपुढे जाऊन सांगितलं. नाणी वितळली. त्यानंतर यांनी अक्षर कधी कोरलं नाही. नुसती पानंफुलं, कडेचे ठिपके."

"मग मला का दिलात?"

"चाळीस वर्षांत त्यांची चौकशी करणारे तुम्ही पहिलेच. मोह झाला. तुम्ही घेऊन गेलात आणि माझी झोप उडाली. म्हटलं, आता हे बघणार, छापणार."

मी मान खाली घातली. तीन दिवस भिंग लावून मी ठिपके मोजले होते. साबणावर अक्षरं उलटी, म्हणून पहिली वेलांटी मला दुसरी वाटली, असं मी सांगू शकलो असतो. खरं म्हणजे मी शब्द वाचलाच नव्हता. अडीचच असणार, वाचायचं काय?

काकू उठल्या, मोरीशी गेल्या आणि उरलेल्या तुकड्यानं शांतपणे हात धुऊ लागल्या. मला ओरडावंसं वाटलं. 'च' विरघळला. ठिपके गेले. पाणी गोल फिरून जाळीतून खाली उतरलं.

"टॉवेल," त्या म्हणाल्या.

मी टॉवेल दिला.

"आता लिहा हवं तर," हात पुसत त्या म्हणाल्या. "पुरावा होता तोवर ती चूक होती. आता गोष्ट झाली. फक्त यांचं नाव नको. आणि छापण्याआधी मला दाखवा."

दाखवली. लाल शाईत परत आली. एकवीस चुका. त्यांतल्या चौदा वेलांट्यांच्या!